दाबून बसा

मातीचं कौतुक करायला आमच्याकडे एकच शब्द आहे : भुसभुशीत. रान कसं झालंय? भुसभुशीत. यापुढे कुणी काही विचारत नाही. शेतीचं कुठलंही पुस्तक उघडा, कुठलंही पीक काढा, जमीन पहिल्याच ओळीत भुसभुशीत झालेली असते. हाच शब्द बांधावरून गावात आला की मात्र त्याची पत जाते. इमारतीचा पाया भुसभुशीत निघाला तर ठेकेदार पळतो, पक्षाचा निघाला तर आमदार. शेतात तेवढा तो बहुमानाचा. या एका शब्दापायी माझं सव्वा किलो बी, रोटाव्हेटरचं भाडं आणि घरातली उरलीसुरली इज्जत मातीत गेली. मातीत गेली ती गेलीच. वर काही आलं नाही.

मी एस.टी.तला निवृत्त कंडक्टर. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेचा थांबा अजून जुनाच आहे) कंडक्टरला मास्तर म्हणतात. त्यामुळे दुसऱ्याला शिकवायचा हक्क आपोआप मिळतो आणि स्वतः शिकायची सवय जाते. ३२ वर्षं तिकिटं फाडून गावी आलो आणि फंडाच्या पैशातून एक संकरित गाय घेतली. ती दावणीला बांधल्यावर तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की आपण गाय घेतलेली नाही, एक तोंड घेतलंय. बाकीची गाय त्या तोंडाला मागून जोडलेली आहे. विकतच्या वैरणीचा हिशेब लिहिता लिहिता वही संपली. शेवटी शेजारचे आबा म्हणाले, “मास्तर, विहिरीजवळच्या ५ गुंठ्यांत घास करून टाका. सुटाल.”

घास म्हणजे लसूणघास. पुस्तकात ल्यूसर्न, अमेरिकेत अल्फाल्फा. हे मूळचं इराणकडचं प्रकरण. प्लिनी नावाच्या रोमन गृहस्थाने लिहून ठेवलंय, की इराणच्या डरायस बादशहाच्या स्वाऱ्यांच्या काळात ही वैरण मीड लोकांच्या मुलखातून ग्रीसमध्ये पोचली. म्हणून तिच्या शास्त्रीय नावात अजून ‘मेडिकागो’ आहे. फौज माणसांची, शिदोरी घोड्यांची, आणि त्यातून टिकलं काय, तर शिदोरी. आमच्या भाषेने तर हद्दच केली. गाईच्या या वैरणीला आणि आपल्या तोंडच्या घासाला तिने एकच शब्द ठेवला. त्यामुळे ‘हातातोंडाशी आलेला घास गेला’ असं मी जेव्हा सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला ती म्हण वाटते.

एकदा नीट लागला की घास तीन-चार वर्षं हलत नाही. पहिली कापणी पन्नास-साठ दिवसांनी, मग साधारण दर महिन्याला एक. निवृत्त माणसाला दर महिन्याला काहीतरी हातात पडणार म्हटलं की तो हुरळतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं आर. एल. ८८ हे वाण आणलं. एकरी १० किलो या हिशेबाने सव्वा किलो. पुडी फोडली आणि तळहातावर बी घेतलं. मोहरी याच्यापुढे पहिलवान. किलोभर बियांत साडेचार लाखांच्या आसपास दाणे भरतात. म्हणजे माझ्या ५ गुंठ्यांत साडेपाच लाख बिया जाणार होत्या. एवढे मतदार आमच्या तालुक्यात नाहीत. रायझोबियमचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून बियांना चोळलं आणि सावलीत गोणपाटावर सुकत टाकलं. तासाभराने पाहिलं तर मुंग्यांनी बहुमत मिळवलेलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग रोटाव्हेटरवाला आला.

त्याला मी दोष देणार नाही. त्याने माझं ऐकलं, एवढाच त्याचा गुन्हा. एकदा फिरवून तो थांबला होता. मी म्हटलं, “अजून एक हात मार.” तो म्हणाला, “मास्तर, बास की.” मी म्हटलं, “बारीक बी आहे, माती बारीक पाहिजे.” हे ऐकायला इतकं शहाणपणाचं होतं, की त्याने आणखी दोनदा फिरवला. माती भाजणीच्या पिठासारखी झाली. वाऱ्याची झुळूक आली की शेताचा थोडा भाग आबांच्या शेतात जाऊन यायचा. यंत्र बंद करून तो म्हणाला, “घ्या. यात आता बाळ निजवा.” आणि जाताना गडी शेताच्या कडेने न जाता मधून तिरका निघून गेला. टायरचे दोन लांबलचक पट्टे त्या पिठात उमटले. मी त्यावरून त्याला बांधापर्यंत बोलत गेलो. एवढं सुंदर रान आणि त्यात हे ओरखडे! चालताना माझा पाय घोट्यापर्यंत आत जात होता आणि मला त्याचाही आनंद होत होता. भुसभुशीत म्हणजे आणखी काय असतं?

बी फोकलं, वरून बाभळीची फांदी फिरवली, वाफ्यांत पाणी सोडलं. पाण्याला त्या पिठात वाट सापडेना. ते एका कोपऱ्यात खळगा करून बसलं, दुसऱ्या कोपऱ्यातलं पीठ वाहवत घेऊन आलं, आणि चार दिवसांनी उन्हाने वर अशी खपली धरली, की रान दुरून भाजलेल्या पापडासारखं दिसायला लागलं.

आठव्या दिवशी घास उगवला. म्हणजे उगवला तिथे उगवला. ज्या दोन पट्ट्यांवरून मी त्या पोराला बोल लावला होता, त्या टायरच्या चाकोऱ्यांत हिरवी दाट किनार आलेली. बाकी सगळं रान ठणठणीत. जवळ जाऊन वाकून पाहिलं, तर आणखी कुठे कुठे हिरवे ठिपके दिसायला लागले. ते ठिपके मला ओळखीचे वाटले. आठ नंबरच्या चपलेच्या आकाराचे होते.

जिथे जिथे पाय पडला होता, तिथे तिथे बी उगवलं होतं. पेरणीच्या दिवशी त्या शेतात कोण, कुठून, किती वेळा गेलं, याचा पंचनामा हिरव्या शाईत लिहून निघाला. कुत्रा कुठून पळाला ते कळलं. आबा विहिरीकडे जायला माझ्या शेतातून आडवे येतात आणि विचारलं की “छे, मी बांधानेच येतो” म्हणतात, तेही कळलं. हे सगळं मी मोठ्या चवीने वाचत होतो, तेवढ्यात बायको येऊन मागे उभी राहिली. पेरणीच्या रात्री मी तिला सांगितलं होतं, की दिवसभर फांदी ओढून ओढून कंबर धरली, एक इंच जागा सोडली नाही. तिने शेताकडे पाहिलं. हिरवी पावलं विहिरीपासून निघून लिंबाच्या सावलीपर्यंत गेली होती. लिंबाखाली गोलाकार दाट उगवण होती, माणूस बराच वेळ बूड टेकून बसला की येते तशी. तिथून पावलं सरळ चहाच्या टपरीच्या दिशेने बांध ओलांडून गेली होती. परतीची पावलं नव्हती.

ती काहीच बोलली नाही. ३२ वर्षं मी विनातिकीट माणसं पकडली. पकडलं जाणं कसं असतं ते त्या दिवशी कळलं.

माझा एक भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा ‘अमेरिकेचा दुग्धप्रदेश’ अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. त्याला मी फोटो पाठवले आणि लिहिलं, की बी खराब निघालं. त्याचा उलटा प्रश्न आला : “मामा, टाच किती खोल जात होती?” मला वाटलं पोरगं थट्टा करतंय. तर म्हणाला, इकडे हाच नियम आहे. अल्फाल्फा पेरायच्या आधी शेतकरी रानात चालून बघतो. पावलाचा ठसा अर्धा इंच उमटला तर पेर, जास्त खोल गेला तर अजून दाब. बास्केटबॉल आपटला तर टप्पा घेईल एवढं रान घट्ट पाहिजे, असंही तिकडे म्हणतात. दाबायला त्यांच्याकडे कल्टिपॅकर नावाचं अवजार आहे : ओतीव लोखंडाच्या कडीदार चाकांचा जाडजूड रूळ. पेरायच्या आधी एकदा फिरवायचा आणि पेरून झाल्यावर पुन्हा एकदा. मी म्हटलं, “अरे, पेरून झाल्यावरसुद्धा दाबायचं? बी गुदमरेल.” तो म्हणाला, “मामा, तुमच्या टायरखाली गुदमरलं का?”

यावर उत्तर नव्हतं. घोटा बुडेल एवढ्या मातीत बी किती खोल गेलं असेल, याचा मी विचारच केला नव्हता. त्या बिचाऱ्याची शिदोरी केवढी? बी सेंटिमीटरभर खाली असलं तर तेवढ्या शिदोरीवर ते वर येतं. तीन इंच खाली गाडलं तर अर्ध्या जिन्यातच दम संपतो. आणि वरच्या वर राहिलं तरी त्याच्याभोवती माती कमी, पोकळीच जास्त. बी पाणी पितं ते त्याला चिकटलेल्या मातीतून. हवेतून कुणी पाणी पीत नाही. दाबलेल्या मातीत खालची ओल बारीक बारीक फटींतून वर चढते, कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढतं तशी. माती सुटी केली की वातच तुटली. खाली रॉकेल भरपूर आणि वर अंधार.

खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. मी आयुष्यभर दुसरं केलं काय? “पुढे सरका, दाबून बसा, तिघांच्या सीटवर तिघं बसा” असं मी रोज सहाशे वेळा म्हटलंय. अर्ध्या रिकाम्या गाडीत ड्रायव्हरने ब्रेक मारला की प्रवासी गडगडत पुढे येतात. बाजाराच्या दिवशीच्या गच्च गाडीत कुणी पडलेलं मी पाहिलं नाही. पडायला जागाच नसते. प्रत्येकाला चारही बाजूंनी आधार असतो, भले तो आधार घामट असेल. माझ्या साडेपाच लाख प्रवाशांना मी रिकाम्या गाडीत उभं करून घाटात सोडलं होतं.

दुसऱ्या पेरणीची तयारी सुरू झाली. या खेपेला रोटाव्हेटर नाही. आधी रान ओलवून घेतलं, म्हणजे माती आपल्या वजनाने थोडी बसते. मग वाफशाची वाट पाहिली. काळ्या रानात हा भाग नाजूक. ओली काळी दाबली की वीट होते आणि विटेतून घासच काय, शाप देऊनही काही उगवत नाही. वाफसा पाहायची रीत लहानपणापासून माहीत होती, फक्त वापरली नव्हती : मूठभर माती घ्यायची, लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. वळलाच नाही तर कोरडी. पडून चपटा झाला तर ओली. पडून फुटला तर वाफसा. तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ शेतात लाडू वळून पाडत होतो. घरात दिवाळीच्या लाडवांनी नेमकी हीच परीक्षा दिली होती, पण ते मी बोललो नाही.

वाफशावर कुळव घातला, ढेकळं फुटली, आणि मग प्रश्न आला दाबण्याचा. जमीन मोकळी करायला आमच्या गावात चाळीस ट्रॅक्टर आहेत. नांगर आहे, पलटी नांगर आहे, मोगडा आहे, रोटर आहे. दाबायला काय आहे? काहीच नाही. पूर्वी बैलामागे मैंद असायचा, लाकडाची जड फळी. रान सपाट करायला ती फिरवायचे, आणि वजनाला तिच्यावर घरातलं एखादं पोर उभं करायचे. शेतीतलं तेवढं एकच काम पोरं भांडून मागून घेत. आता बैल नाहीत आणि मैंदाची लाकडं बहुतेकांच्या चुलीत गेली. आबांच्या गोठ्यात एक सापडली. ट्रॅक्टरला बांधली. वजनाला कोण? पोरं शाळेत. आबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “मास्तर, तुम्ही चढा.” माझं वजन ८४ किलो. डॉक्टरांनी, बायकोने आणि गावातल्या एकुलत्या एका वजनकाट्याने ज्या ८४ किलोंचा आजवर अपमानच केला, त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा काम मिळालं. मी दोरी धरून फळीवर उभा राहिलो. चालत्या गाडीत हात न धरता तिकिटं फाडण्याची जुनी सवय पायांत होतीच. पहिल्या वळणाला फक्त दोरी हातात राहिली.

मैंदाने रान सपाट झालं, पण टाच अजून दीड इंच जात होती. मग गावातल्या वेल्डरकडून २०० लिटरच्या जुन्या पिंपात पाइपाचा कणा बसवून घेतला. पिंपात पाणी भरलं की झाला रूळ. फिरवायला लागलो तर एका सांध्यातून पाण्याची बारीक धार. सुरुवातीला सव्वादोनशे किलोंचा असलेला रूळ शेवटच्या वाफ्यापर्यंत रिकाम्या पिंपावर आला. पुढचे वाफे दाबलेले, मागचे नुसते शिंपडलेले. एम-सीलने भोक बुजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला. आबांचा सल्ला वेगळाच होता : धनगराची मेंढरं एक रात्र बसवा, खतही मिळेल आणि खुरांनी रानही बसेल. हसायचं कारण नाही. नाईलच्या गाळात बी टाकून ते डुकरांच्या पायांनी तुडवून घ्यायची इजिप्तमधली रीत हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. पण आमच्या भागातले कळप तेव्हा अजून परतले नव्हते आणि दुसरा पर्याय मी घरी सुचवू शकत नव्हतो.

शेत नांगरताना गावात कुणी तुमच्याकडे ढुंकून बघत नाही. शेत दाबायला लागा, मग पाहा. पहिल्या दिवशी बांधावर चारजण होते, दुसऱ्या दिवशी अकरा.

“मास्तर, पिच करताय का?”

“नाही, घास.”

“मग हेलिपॅड असंल. कोण येणाराय?”

मी घास म्हटलं की ते समजूतदारपणे हसायचे. म्हणजे सांगायचं नाही तर नका सांगू. सपाट केलेली, दाबलेली आणि वाफ्यांच्या दोऱ्या लावलेली जमीन आजकाल एकाच कामासाठी असते, हे गावातलं पोरगंही जाणतं. संध्याकाळी पांढऱ्या शर्टातले दोघे मोटारसायकलवरून आले. त्यांनी पायाने जमीन ठोकून पाहिली आणि खूश होऊन विचारलं, “एन.ए. झालंय का? गुंठ्याला काय धरलंय?” मी म्हटलं, “गुंठ्याला पाव किलो.” ते बराच वेळ हिशेब करत उभे होते.

त्यांच्या बुटांचे ठसे पाहिले. अर्धा इंच. रान तयार होतं.

आता पेरणी. मी पुन्हा फोकायला निघालो, तर बायकोने टोपलं माझ्या हातातून काढून घेतलं. तिचं म्हणणं एवढंच, की भुसभुशीत अंगणात रांगोळी कधी कुणी काढली आहे का? आधी सडा घालायचा, अंगण बसू द्यायचं, मग चिमूट सोडायची, नाहीतर रेघ मातीत जिरते. तिने हे गेल्या खेपेलाच ओळखलं होतं. का सांगितलं नाही, असं विचारल्यावर म्हणाली, “तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही टपरीवर होता.”

बियांत चौपट बारीक वाळू मिसळून तिने एकजीव केली. नुसतं बी हातातून घसरतं. वाळू असली की सारखं पडतं. मी काठीने फूटफूटभर अंतरावर उथळ रेघ ओढायची आणि तिने चिमटीतून बी सोडत मागून यायचं. अंगठा आणि पहिल्या बोटामधून वाळूची धार अशी सरळ उतरत होती, की मी रेघ वाकडी ओढली तरी तिची ओळ सरळच जायची. कुठे दाट नाही, कुठे तुटक नाही. वरून हलकीशी फांदी, मग अर्धं भरलेलं पिंप एकदा फिरवलं, आणि पाणी इतकं संथ सोडलं, की ते वाफ्यात शिरताना परवानगी मागत असावं. शेवटी वाटीत दोन मुठी बी उरलं. तिने विहिरीकडच्या कोपऱ्यात बसून ते कसंतरी संपवलं. काय करतेस म्हटलं तर म्हणाली, “उरलंय ते टाकतेय.”

सहाव्या दिवशी ओळी दिसायला लागल्या. आठव्या दिवशी मोजता येण्यासारख्या झाल्या. वहीच्या पानावर आखलेल्या रेघा जशा, तशा. पावलं नाहीत, पुरावे नाहीत. आणि विहिरीकडच्या कोपऱ्यात ३३ गोपद्मं उगवली होती. चातुर्मासात दाराशी काढतात तशीच, जोडीजोडीने, हिरवीगार. बांधावरची मंडळी आता ती बघायला यायला लागली. पांढऱ्या शर्टातले दोघेही एकदा येऊन गेले आणि काही न विचारता परतले.

चाळिसाव्या दिवशी गाईने दावं तोडलं.

मी अंगणात पेपर वाचत होतो. बायको ओरडली, “अहो, घासात गाय!” धावत गेलो. एवढं ५ गुंठे रान पसरलेलं सोडून ती बरोबर विहिरीकडच्या कोपऱ्यात उभी होती आणि एकेक गोपद्म शांतपणे खात होती. जिथलं खाऊन झालं होतं, तिथे आता तिचं स्वतःचं खूर उमटलेलं होतं. मी खाली बसलो, बोट घातलं आणि खोली पाहिली. सव्वाचारशे किलोंची गाय, आणि ठसा अर्ध्या इंचाला जेमतेम टेकलेला.

“आधी गाय काढा!” बायको बांधावरून म्हणाली.

“काढतो, काढतो,” मी म्हटलं आणि दुसऱ्या खुराचा ठसा मोजायला घेतला.